जाग्यावर ठेवणे

मुख्तारभाईच्या दुकानात सगळंच निजामाच्या काळातलं.
कंदील निजामाचा, अडकित्ता निजामाचा,
एकदा तर प्लॅस्टिकचा टेपरेकॉर्डरसुद्धा.
"पुराना है ताई, हात लगाके देखो,"
आणि मी हात लावते,
दर रविवारी, परभणीच्या शनिवार बाजारात.

माझ्या हॉलमध्ये आता सिग्नलचा दिवा आहे,
पूर्णा जंक्शनचा म्हणे. आत साडेसात वॅटचा बल्ब.
अदली आहे, तिच्यात टीव्हीचे रिमोट.
शेवयांच्या पाटावर बसून पाहुणे बुटाच्या नाड्या सोडतात.
नवरा म्हणतो, लोक घरातलं भंगार विकतात,
आपल्याकडे ते पत्ता विचारत येतं.

घंगाळ सापडलं कूलरच्या जाळ्यांखाली,
एक कडी नसलेलं, कुशीला पोचा,
आत कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा.
तोलून दिलं त्यानं,
पण भाव पितळेचा नाही, वयाचा लावला.
काठाखाली अक्षरं होती, ठिपक्या-ठिपक्यांची, मोडी.
"मिटा दूं? बफ मारके चकाचक?"
"नक्को," मी म्हणाले, त्याच्याच सुरात.
मोडीत निघालेलं भांडं,
निदान मोडी तरी राहू दे.

दोन दिवस चिंच, मीठ, राख.
मग पाणी भरून शेवंती सोडली.
आमच्याकडे नळ दहाव्या दिवशी येतो;
बायका बघून जायच्या
फुलं नव्हे, पाणी.

त्र्यंबकराव जवळेकर आले,
भूमिअभिलेखातून निवृत्त,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
पाणी ओतायला लावलं.
चिमूटभर ज्वारीचं पीठ मागितलं,
अंगठ्यानं अक्षरांत भरलं,
आणि वाकून वाकून वाचत गेले,
सातबारा वाचावा तसं, कोरडं:

*मौजे केळगव्हाण. समस्त गावकीचे.*
*काम जाहल्यावर जाग्यावर ठेवणे.*

मी नाव शोधत होते.
एखादी मनकर्णा, एखादी सोनुबाई,
मामाकडून, लग्नात, अमुक साली,
कुणी विचारलं तर सांगायला.
आणि हे कुणाचंच नव्हतं.
सगळ्यांच्या ओट्यावर जाऊन आलेलं,
आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे,
बारशाला, दिवसाला,
आणि पुन्हा त्या जाग्यावर.

"कुठं आलं केळगव्हाण?"
"या नावाची दोन मला ठाऊक आहेत," ते म्हणाले,
"तिसरं धरणात गेलं असावं.
किंवा नसावं. चहात साखर कमी."

तीन महिने मी ते वाक्य पुसत होते,
म्हणजे घंगाळच, पण फडका तिथेच थांबायचा.
ठेवणे.
हुकूम होता तो,
आणि जागाच माहीत नाही.

माघात खालच्या मजल्यावरच्या वाघमोडेबाई आल्या.
नातवाचं जावळ. दीडशे माणूस.
"पुऱ्यांची कणीक मळायला मोठं भांडं लागतं होतं बाई,
ते फुलाचं देता का?
तुमचं शोचं आहे म्हणा."
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
पोच्यावर बोट होतं माझं.
तो पोचा नक्की कुणाच्या घरी पडला असेल,
आणि ती काय म्हणाली असेल गावकीला?

दोन पोरांनी उचलून नेलं,
एक कडीला, एक नसलेल्या कडीला.

हॉलमध्ये फरशीवर गोल उरला, ओलसर.
त्याभोवतीनं चाललो आम्ही दोन दिवस.

परत आलं ते रिकामं नव्हतं.
तळाशी चार पुऱ्या, गुळाचा खडा, पसाभर शेंगदाणे.
अक्षरांत ओली कणीक बसलेली,
आता मलाही वाचता येत होतं.

आज ते दाराशी असतं, पालथं.
परवा दोन नंबरचे नेऊन गेले, विचारलंही नाही.
मुख्तारभाईला सांगितलं सगळं.
तो म्हणाला, "फिर तो ताई,
आपने भाव जास्ती दिया."