आठ दिवस भट्टी बंद

शिरोलीत भट्टीचं अस्तर उतरवलंय.
नवं घालून वाळेपर्यंत आठ दिवस रजा.
एकवीस वर्षं लोखंडाचं पाणी होताना बघितलंय मी,
त्यामुळं चैत्रातलं ऊन मला
गल्लीतल्या पोरासारखं वाटतं.
दंगा करतं, पण ओळखीचं आहे.

वैजयंतानं यादी केली,
दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर:
कूलरची वाळ्याची ताटी,
खाटेची नवार,
न्हाणीच्या कडीचा स्क्रू.
स्क्रू तीनदा लिहिलाय, तीन उन्हाळ्यांच्या तीन शाईत.

पहिला दिवस नवारीत गेला.
जुनी सोडताना खाट कुरकुरली,
नवी ओढताना मी.
एकीवरून, एकीखालून, गुडघा लावून ताण,
शेवटची गाठ मारली आणि थाप दिली तर
खाट हलगीसारखी बोलली.
"पप्पा, आता मी झोपतो," ऋतुजा म्हणाली,
आणि झोपलीच.
आमच्याकडं पोरी असंच बोलतात.
पुण्याची वहिनी हसते. हसू दे.

दुसऱ्या दिवशी गच्चीभर संकेश्वरी मिरची.
जिन्यानं येणारा प्रत्येकजण शिंकतो
आणि शिंकत शिंकतच विचारतो,
"औंदा किती किलो?"

तिसऱ्या दिवशी पाखरांसाठी परळ टांगायचं ठरलं.
हे यादीत नव्हतं.
गंगावेशीतून मातीचं परळ आणलं, सुतळीचं शिंकं केलं,
मागच्या भिंतीत, पेरूच्या सावलीत, एक भोक पाडायचं,
बस्स.
शौकतभाई मुजावर ड्रिल घेऊन स्वतःच आले,
मशीन ते कुणाच्या हातात एकटं सोडत नाहीत.
"पाइप कुठनं गेलाय म्हाईत आहे न्हवं?"
"घर मी बांधलंय," मी म्हटलं. जरा ऐटीतच.

भिंतीनं आधी कोरडी धूळ दिली,
मग ओली धूळ,
मग एकदम
बोटाएवढी धार, थेट शौकतभाईंच्या चष्म्यावर.

टाकी नुकतीच भरलेली. वरचा कॉक गंजून मुका.
सर्जेराव प्लंबरला फोन लावला:
"जोतिबाला हाय! सासनकाठीखाली हाय! हॅलो?
चांगभलं!"
आणि कट.

बादली आली, कळशी आली, कुकर आला,
कुकरामागं गल्लीतली सात पोरं आली,
चड्डीवरचीच.
भांडी भरून झाली तरी धार थांबेना,
तेव्हा वैजयंता मिरचीचे हात घेऊन आली,
धुता धुता कोपरापर्यंत गेली, मग खांद्यापर्यंत,
मग डोकंच खाली धरलं
आणि खदखदून हसली.
तिचं हसणं मी विसरलो होतो असं नाही.
फर्स्ट शिफ्टला ते ऐकू येत नाही, एवढंच.

कारखान्यात भट्टीचं तोंड आम्ही
मातीच्या बोळ्यानं बुजवतो,
समोर चौदाशे अंशांचं लोखंड उभं असतं.
इथं पेरूची एक फांदी पुरली.
विळीवर तासली, टोक काढलं,
दोन ठोके,
आणि धार गप.
पोरांनी मला मनापासून शिव्या दिल्या.

सर्जेराव दुसऱ्या दिवशी आला,
कानाच्या पाळीत गुलाल तसाच.
खुंटी हलवून बघितली, वास घेतला, का ते देव जाणे.
"ऱ्हाऊ दे की गा. पाणी पिऊन फुगली की पक्की बसत्या.
यात्रा उरकली की बघू."
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा परळ त्याच खुंटीला टांगलंय.
काठोकाठ भरलेलं.
आज सकाळी एक बुलबुल आला,
परळाकडं बघितलंसुद्धा नाही;
खुंटीच्या टोकाला जमणारा थेंब
मोठा होईपर्यंत थांबला,
घेतला,
पुढच्यासाठी पुन्हा थांबला.
मी नव्या खाटेवर उताणा, तोही बघत, चहा गार करत.

सोमवारी भट्टी पेटणार.
कडीचा स्क्रू राहिला.
वैजयंता हिरवं पेन शोधतेय.