पुढची दोन चाकं

किझिल-आर्टच्या घाटातून सातिबाल्दी उतरला
तेव्हा डॅशबोर्डवर दोन हिरवे दिवे
उघडझाप करत होते, थांबत नव्हते.
"बर्फात लिव्हर ओढला," तो म्हणाला,
"मागची चाकं राबली.
पुढची नुसती फिरली,
वऱ्हाडात आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी.
सगळ्यांबरोबर चालतात, पण सामानाला हात लावत नाहीत."

मुरगाबच्या बाजारात आमचं गॅरेज म्हणजे
एक मालवाहू कंटेनर, कापून काढलेली एक खिडकी,
आणि तेरेस्केनच्या मुळ्यांवर धुमसणारी शेगडी.
इथल्या थंडीत पाना उघड्या हातानं धरला
तर सोडताना कातडी मागतो.
वडिलांचे हात तीन वर्षांपासून कापतात.
म्हणून ते स्टुलावर बसून सांगतात,
गाडीखाली मी जाते.

"आधी फ्यूज."
शाबूत.
"लिव्हरखालचा स्विच."
वायर काढली, घासली, लावली. दिवे तसेच.
"सॉलेनॉइडला कान लाव."
लावला. टिक.
शेजारच्याला लावला. टिक.
म्हणजे हुकूम निघतोय,
पोचत नाहीये.

"आता नळी तोंडात धर," वडील म्हणाले, "आणि ओढ."

इंजिन एका बारीक रबरी नळीतून श्वास आत घेतं,
त्या श्वासानं एक पडदा सरकतो,
पडद्यामागे दांडा, दांड्यामागे दातेरी कडं,
मग अॅक्सलचे दोन तुकडे एकमेकांना धरतात.
दोन टनांची पजेरो
आणि भिस्त सगळी एका उसाशावर.

मी ओढलं.
धड नळीनं जीभ धरून ठेवली असती.
माझ्या जिभेवर आली फक्त धूळ, डिझेल आणि गारठा.
चाचपत गेले. बॅटरीच्या मागे
उंदरानं कुरतडलेली जागा,
तांदळाच्या दाण्याएवढी.

नवी नळी ओशला मिळते. ओश चारशे किलोमीटर.
सातिबाल्दीची बायको, झुउराकान, दवाखान्यात नर्स.
ती सलाईनची हातभर नळी घेऊन आली.
"मुदत संपलेली आहे," म्हणाली,
"माणसाला चालत नाही."
टोकं गरम पाण्यात मऊ केली, बसवली, तारेनं आवळली.
उन्हाळ्यापर्यंत टिकेल, वडील म्हणाले,
उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू.

दिवे स्थिर झाले.
सातिबाल्दीनं दोन किलो याकचं लोणी ठेवलं
आणि अलिचूरच्या वाटेला लागला.

अर्ध्या तासानं फोन.
"आता सुटतच नाही!
डांबर लागलं, लिव्हर परत टाकला, तरी दिवे लुकलुकतायत.
वळायला गेलं की गाडी पाय रोवते.
हातोडी घेऊ का?"

वडील हसले. मग खोकले. मग हसले.
बर्फात चाकं घसरून आपापला हिशेब मिटवतात,
कोरड्या रस्त्यावर मिटवता येत नाही.
वळणावर पुढचं चाक जास्त चालतं, मागचं कमी,
तो फरक पीळ होऊन आत साचतो
आणि दाते एकमेकांत असे रुततात
की सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत.

"हातोडी ठेव," ते म्हणाले. "ओढू पण नकोस.
स्टिअरिंग सरळ कर.
दहा पावलं मागे घे.
नुसतं मागे."

फोनमध्ये वारा.
झुउराकान कुणाला तरी म्हणते, बाजूला हो.
इंजिनाची कुरकुर,
आणि खालून कुठूनतरी
टक्.

बराच वेळ कुणी बोललं नाही.

"पाना दे, पुसून ठेवतो," वडील मला म्हणाले.
मी द्यायला गेले
तर मूठ उघडेना.
सकाळपासून थंड लोखंड धरलेलं.
त्यांनी माझी मूठ शेगडीवर धरली,
आणि त्या कापणाऱ्या हातांनी
एकेक बोट
मागे घेतलं.
करंगळी सगळ्यात शेवटी.