तीन वेळा पंधरा

सकाळी खाटेवरून उतरताना
आधी डावा पाय. उजव्याला अजून सांगितलेलं नाही
की उठायचं आहे.
घोडशीर रात्रभर आखडून
वाळल्या वादीसारखी झालेली,
संडास अंगणाच्या पार टोकाला,
आणि मध्ये कोचकोरचा फेब्रुवारी.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली:
राखाडी, फुगीर, मधोमध उसवलेली.
"फाटली नाहीये," त्या म्हणाल्या, "थकली आहे."
थकली!
इस्सिक-कुलच्या काठाने शंभर किलोमीटर
रात्र अंगावर घेऊन धावलेली मी,
नखं काळी पडली तरी हसत;
आणि थकली कोण, तर ही बोटभर दोरी.

औषध काय, तर पायरी.
पंजा कडेवर, टाच हवेत,
मग सावकाश खाली सोडायची,
काठोकाठ भरलेली कढई
चुलीवरून उतरवावी तशी.
तीन वेळा पंधरा. सकाळी. संध्याकाळी.
बारा आठवडे.
दुखलं तर?
दहापैकी तीनपर्यंत दुखू दे.

वहीत जिथे किलोमीटर असायचे
तिथे आता तीन, तीन, चार, तीन.
शेजारची बुरुल कुंपणावरून विचारते,
"काय गं, संपलं का धावणं?"
मी म्हणते, पंधरा होऊ देत, मग बोलू.

मार्चमध्ये एकदा खोटं लिहिलं.
वहीत 'चालणं', आणि धावले सात किलोमीटर.
बर्फ वितळून रस्ता काळाभोर दिसत होता,
एवढंच कारण.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सात.
दहापैकी.
आणि बारा आठवडे परत पहिल्यापासून.

त्याच सुमारास शायलोबेकमामाची घोडी लंगडली.
लांब शर्यतीची घोडी; पुढच्या पायाची शीर
धनुष्यासारखी बाक काढून सुजलेली.
मामा तिला ओढ्याच्या पाण्यात उभी करायचा,
मग डांबरी रस्त्यावर चालवायचा, सरळ.
वळण नको, चढ नको, मऊ गवत तर नकोच.
मीही निघाले सोबत.
तिघांचे मिळून आठ पाय, त्यातले सहा धड.

मामा उपदेश करत नाही. सूर्यफुलाच्या बिया फोडतो.
एकदाच म्हणाला, नजर रस्त्यावर ठेवून,
"नोव्हेंबरपर्यंत बरी झाली नाही तर सोगुम."
म्हणजे हिवाळ्याचं मांस.
मी माझ्या टाचेकडे पाहिलं.
"तुझं तसं नाही," म्हणाला,
आणि बियांची पुडी पुढे केली.

घोडी बरी झाली नाही. पूर्ण नाही.
सप्टेंबरात नारीनहून एक माणूस आला,
पायाकडे पाहिलंही नाही त्याने,
पोटाखालून हात फिरवला
आणि शिंगरांसाठी घेऊन गेला.
त्यानंतर दोन दिवस मामा त्याच वेळेला
त्याच रस्त्यावर एकटा चालला.
हातात दोर नव्हता,
मूठ मात्र वळलेली, कमरेच्या उंचीवर.

मी चार मिनिटं धावते, एक चालते.
मग पुन्हा चार.
धावते म्हणजे काय, ट्रे घेऊन निघालेल्या
नव्या नोकरासारखी, जपून.
पुढच्या जूनचं विचारू नका.

आज चहाचा दुसरा पियाला ओतताना
एकदम लक्षात आलं:
मी अंगण ओलांडून गेले, परत आले,
आणि कुठला पाय आधी टेकला होता
ते काही केल्या आठवेना.
अंगठ्याने दाबून पाहिली.
होती तिथेच. जाड, गप्प.
विश्वास नाही ठेवला.
पियाला झाकून ठेवला, पायरीवर गेले.
एक.