एक पेटी जास्त

वाशीच्या मिठागरात मी मोजणीदार होतो.
दिवसा मिठाची पोती, रात्री मुकुंदशेटच्या पेट्या.
दोन्हींची वही एकच, फक्त
रात्रीचा हिशेब मागच्या पानावरून पुढे यायचा.

एकाहत्तरचा डिसेंबर. सायरन वाजून गेलेला.
गावातल्या कंदिलांना गोणपाटाची टोपडी,
पाटलाच्या जीपचे डोळे डांबराने अर्धे मिटलेले.
पुलाचे खांब खाडीत उभे होते, पूल नव्हता.
पलीकडे ट्रॉम्बेचा पांढरा घुमट,
आणि पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले:
चंद्राला ब्लॅकआउट लागू नव्हता.

दोनच्या भरतीला जोमा तांडेलचा मचवा लागला.
त्रेचाळीस पेट्या यायच्या होत्या. घड्याळं, ब्लेडं,
दोन पेट्यांच्या बुडाशी ती बिस्किटं, जी खायची नसतात.
मी मोजलं. चव्वेचाळीस.
पुन्हा मोजलं.

एक पेटी कमी भरली तर काय करायचं
हे आमच्या धंद्यात पोराटोराला ठाऊक होतं,
गेल्या साली त्यापायी सुकऱ्याची तीन बोटं गेली.
एक जास्त भरली तर काय, याचा कायदा
कुणी केला नव्हता.

जोमाने पेटी कानाशी धरली, नारळ पारखावा तशी.
"ही घड्यालां नाय रं. घड्याल बोलतं.
ही गप हाय."

आत वायरलेस. मेणकापडात बॅटऱ्या.
खाली घडी घातलेला कागद: पेन्सिलीने काढलेली खाडी,
प्रत्येक खांबाला नंबर,
माझ्यासारखंच मोजून मोजून जगणाऱ्याचं अक्षर.
घुमटाच्या जागी नुसतं एक वर्तुळ.

शेट म्हणाला, भाडं पोचलंय. कोणी नेईल. तू मीठ मोज.

मी मीठ मोजलं. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी शाळा तपासायला आलेल्या घैसास मास्तरांना
(शाळेला सुट्टी होती, हे त्यांनी विचारलंही नव्हतं)
मी पाण्याचा तांब्या दिला आणि एक आकडा सांगितला.
त्यांनी तांब्या संपवला. "पेटी हलवू नका," म्हणाले,
"आणि शेटना सांगा, मला धंद्याचं बोलायचंय."
दोघे कोठारात तासभर बसले.
बाहेर आले तेव्हा एकाच चंचीतली तंबाखू मळत होते.

पेटी न्यायला आला तो पुलाचा ओव्हरसिअर, साळसकर.
आमच्या घरी निवट्यांचं कालवण खाऊन
"आई, अजून थोडं" म्हणणारा.
जोमाला दबा धरायला सांगितलं होतं, हात लावायला नाही.
पण साळसकरकडे पिस्तूल होतं, जोमाकडे वल्हं,
आणि भरती कुणाच्या हुकमातली नसते.

मी बांधावर होतो. चंद्र अर्धा उरलेला, पण पुरेसा.
दोघे पाण्यात गेले.
एकमेकांना सोडलं नाही.

घैसासांच्या कागदावर: अनोळखी इसम एक, बुडून मयत.
मी म्हटलं, साहेब, दोन.
ते म्हणाले, एक. दुसरा लिहिला
तर तो तिथे का होता, तेही लिहावं लागेल.
शेटला पुढची दोन वर्षं किनारा मोकळा मिळाला.
माझ्या वहीत चव्वेचाळिसाचे त्रेचाळीस झाले.
शाईचा आकडा खरवडायला ब्लेड लागतं.
ब्लेडं होती.

पुढे पूल झाला. गाव सेक्टर झालं.
साडेबारा टक्क्यांच्या वाटपात, सिडकोच्या खिडकीशी
जोमाची गोमी उभी राहिली. दाखला हवा होता,
तो मेल्याचा. नाहीतर पाहणारा एक साक्षीदार.
बाबूने पेन माझ्याकडे फिरवलं.
गोमी म्हणाली, "तू बांधावं होतास ना रं त्या राती?
तुना त्याला बगला ना?"

माझा प्लॉट सतरा नंबरचा, कोपऱ्याचा. कागद तयार होते.
मागच्या बाकावर शेटचा मुलगा पेपर वाचत होता,
पान न उलटता.

मी म्हणालो, काळोख होता गं.
ब्लॅकआउट होता ना.