विल हॅव गॉन

पापाच्या तिकटीमागं, मिरची कांडपाच्या वर माझा क्लास.
एप्रिल-मेमध्ये लाल धूळ जिन्यानं वर चढते
आणि व्याकरण शिंकत शिंकत पुढं सरकतं.

आज भविष्यकाळ.
फळ्यावर लिहिते, गो. त्याच्या आधी विल.
झालं, म्हणते, सोपं आहे.
आपल्यात जाईन, जाशील, जाईल,
माणूस बदलला की क्रियापदाची शेपटी बदलते;
इंग्रजीत मला, तुम्हाला, कलेक्टरला, म्हशीला
एकच विल.
माझ्या मास्तरांनी मला शॅल शिकवलेला, छडीसकट.
तो कुठं गेला कुणास ठाऊक.

मग विल बी गोइंग.
उद्या या वेळेला काय करत असाल?
"रंकाळ्यावर भेळ खात," मागच्या बाकावरून.
विल बी ईटिंग भेळ. बरोबर.
भेळेला इंग्रजी नाही.

तिसऱ्यापाशी गाडं अडतं. दर बॅचला अडतं.
विल हॅव गॉन.
बाबासो चौगले, शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर,
तळहाताच्या रेषांत काळी वाळू,
हात वर करतो:
"बाई, ह्यो फुडचा काळ हाय का मागचा?"
पुढचा.
"मग त्यात गॉन कशाला घुसलं?"

मी ठरलेलं सांगते:
पुढं जाऊन उभं राहायचं, तिथनं मागं वळून बघायचं.
तो जरा थांबतो.
"म्हंजे रस ओतायच्या आधीच
गार झालेला जॉब बघायचा."
बावीस वर्षं शिकवते.
मला हे सुचलं नव्हतं.

वाक्य कर, म्हटलं.
बाक करकरतो. खाली डंका थांबलेला,
वीज गेली असेल नाहीतर मिरची संपली.
"बाय दिवाळी, आय विल हॅव गॉन टू दोहा."
मग बोटांवर काहीतरी मोजतो.
"व्हेन माय डॉटर दहावी पास,
आय विल हॅव... बीन..."
चौथा काळ मी अजून शिकवलेलाच नाही.
वाळूतून उकरावा तसा एकेक तुकडा तो काढतो.
"वर्किंग देअर सिक्स इयर्स."
फॉर राहिला.
मी लाल खडू उचलते, आणि ठेवते.

मुलगी जिन्यात बसलेली असते, चौथीतली,
पाढ्यांच्या वहीनं वारा घेत.
क्लास सुटला की उभी राहते
आणि इथल्या पोरी बोलतात तसं, पोरासारखं म्हणते,
"पप्पा, मी पण येतो."
पुण्याची माझी जाऊ असती तर म्हणाली असती, येते म्हण.
मी लिंग सोडून काळ बघत बसते.
वर्तमान दिसतो. नाहीये.

तिसऱ्या पायरीवरून, न वळता, बाबासो:
"येतो बाई."
म्हणजे गेला.

उद्या प्रश्नार्थक वाक्यं घ्यायची आहेत.
त्यात विल
कर्त्याच्या आधी जाऊन उभा राहतो.