बत्तीसशे ओहम

सकाळी गाडी शहाण्यासारखी चालते.
तापली की बिघडते.
इल्मारी ऑर्गन वाजवतो, कालायोकीच्या चर्चमध्ये,
म्हणून तक्रारही तशीच घेऊन आला :
"दोन हजारांच्या खाली एक सूर गळतो, तायस्तो.
सिग्नलला उभी राहिली की धाप लागते."

डॅटसन. एक्क्याऐंशी सालची झेडएक्स.
लांब नाक, विटकरी रंग,
आठ महिने ताडपत्रीखाली, चार महिने रस्त्यावर.
आधीच्या तीन गॅरेजांनी हात धुऊन घेतलेत हिच्यावर :
प्लग नवे, पंप नवा,
सहाच्या सहा इंजेक्टर काढून साफ केलेले.
आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

बाबांची पद्धत जुनी.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर,
मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले.
आत टकटकटकटक,
एकेका भांड्यावर एकेक सुतारपक्षी.
मुका कोण, आळशी कोण,
त्यांना विचारायचं, मीटरला नाही.

आज ते पहिल्यापाशी बराच वेळ थांबले.
दुसऱ्यापाशी त्याहून जास्त.
मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला,
"तू ऐक. पाठ भरून आलीय."

पाठीचं मला माहीत नव्हतं.
टीव्हीचं माहीत होतं.
बातम्या लागल्या की आई हल्ली
स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

मी ऐकलं. सहाही बोलत होते.

मग रबरी नळ्यांवर स्प्रे मारून पाहिला,
हवा कुठून चोरून शिरतेय का : काटा ढिम्म.
हवा मोजणारी झडप बोटाने ढकलली,
लोण्यात सुरी जावी तशी गेली, परत आली.
एक प्लग काढला.
काजळी. नव्या प्लगवर, पंधरा दिवसांत.
पेट्रोल जास्त जातंय.
पण तापलेल्या इंजिनाला
एवढं पाजतंय कोण?

पाण्याच्या सेन्सरला मीटर लावला.
तीनशे दहा ओहम.
म्हणजे तो सांगतोय, ऐंशी अंश झाले, आता पुरे.
"बघ, तोही नाही," बाबा म्हणाले
आणि चिंधीला हात पुसायला लागले,
एकेक बोट, सावकाश,
दुकान बंद करताना पुसतात तसे.

मी डॅशबोर्डखाली उताणी शिरले,
कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला,
त्याच सेन्सरच्या त्याच दोन वायरी
तिथे मोजल्या.

बत्तीसशे.

निघाला तेव्हा खरा होता निरोप.
वाटेत कुठेतरी एकोणतीसशे ओहम चिकटले त्याला,
आणि कॉम्प्युटर, बिचारा सांगकाम्या, समजला :
अजून गारठलंय हे, अजून द्या.
बाहेर जुलै, रात्रीचे अकरा, खिडकीत ऊन,
आणि त्या पत्र्याच्या डबीत
थंडी काही हटेना.

बॅटरीच्या ट्रेमागे सापडला तो जोड.
हिरवा, फुगलेला, शेवाळलेल्या दातासारखा.
कापला. नवी वायर, डाग दिला, वरून नळी आवळली.
मोजून अर्धा तास.

इल्मारीने किल्ली फिरवली.
इंजिन धरलं, थोडं चढलं, मग खाली येऊन बसलं
साडेसातशेवर, नुसतं.
त्याने डोळे मिटले, मान हलवली, "लागला."
बाबांनी मान नाही हलवली.
तळवा पसरून झाकणावर ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि बराच वेळ उचलला नाही.

"कॉफी टाकू?" मी मागून विचारलं.

ते इंजिनाकडेच बघत होते.

मी वळसा घालून समोर आले,
त्यांना माझे ओठ दिसतील अशी,
आणि परत विचारलं.
"ओरडतेस कशाला?" ते म्हणाले,
"टाक की."

तो हिरवा तुकडा अजून माझ्या खिशात आहे.
फेकायचा राहून गेला.