खोक्यातली खिडकी

वर्लिन स्कॉगस्टॅडने प्रिंटर घेतला
थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे पाचला,
डलूथच्या थंडीत, दुकानाबाहेर
पायाची बोटं परकी होईपर्यंत उभं राहून.
पाटीवर हातभर आकडा: एकोणतीस डॉलर.
खाली, शाईत पाय बुडवून मुंगी चालावी तसं:
रिबेटनंतर.
गल्ल्यावर मोजले एकोणऐंशी,
आणि कर पूर्ण एकोणऐंशींवर.
जे पन्नास परत यायचे होते
त्यांचाही कर भरून तो घरी आला. खुशीत.

लोखंडाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
बोटीत चढणाऱ्या मालाची वजनं लिहिलेला माणूस.
कागदाला भिणारा नव्हे.
जेवणाच्या टेबलावर फॉर्म, पावती, कात्री, चष्मा.
पावती मूळच हवी. तारखेभोवती गोल.
बारकोड खोक्यावरून कापलेला,
वरचा नाही, बाजूचा नाही,
तळाचा.
नावाच्या चौकटी इतक्या तोकड्या
की आडनावातला शेवटचा ड बाहेर बर्फात उभा.
"पन्नास डॉलरसाठी एवढं?" अर्लिस म्हणाली.
"आपलेच आहेत," तो म्हणाला,
आणि पाकिटाला सदतीस सेंटचं तिकीट लावलं.

आठ आठवडे.
मग दहा.
फोनवर आधी बासरी, बराच वेळ बासरी.
एक मुलगी म्हणाली, पोचलंच नाही.
दुसरी म्हणाली, पोचलं, पण पावती नाही.

तिसरा मी.

फार्गो, रात्रपाळी, तासाला साडेआठ डॉलर,
दिवसा कॉलेज. समोर छापील उत्तरं.
विचारलं, "सर, कॉपी ठेवली होती का?"
बहुतेक लोक इथे फोन ठेवतात.
त्याने कॉपी काढली आणि मला वाचून दाखवली,
दुकानाचा पत्ता, गल्ल्याचा नंबर, वेळ पाच बावीस,
सावकाश, धक्क्यावर वजन वाचावं तसं.

दरम्यान प्रिंटर जानेवारीतच गेला होता.
दुकान म्हणालं, परत घेऊ, मूळ खोक्यासकट.
खोकं होतं. पण तळाला भोक,
दोन बोटं रुंद, कात्रीने नीट कापलेलं.
"असं नाही चालत," दुकानातल्या पोराने सांगितलं.
खोकं न कापावं तर रिबेट नाही,
कापावं तर परती नाही.
आमच्या आजोळी याला म्हणायचे कोपराला गूळ लावणं.
गूळ खोटा नसतो, हीच त्यातली मेख.
जीभ पोचत नाही, तो दोष जिभेचा.

मी पडद्यावर बघत होतो.
चेक रवाना: चौदा फेब्रुवारी.
म्हणजे दोघी मुली चुकल्या होत्या. किंवा नव्हत्या.
आमचा चेक म्हणजे एक पातळ, पिवळं कार्ड,
पिझ्झाच्या कूपनासारखं दिसणारं.
नव्वद दिवसांनी मरणारं.
सांगितलं त्याला.
पलीकडे हात फोनवर ठेवल्याचा खरखरीत आवाज,
मग दूरवर अर्लिस: "ते पिवळं? ते मी टाकलं.
जाहिरात वाटली."

कुणीतरी, कुठेतरी, हे आधीच मोजलेलं असणार:
शंभरात किती जणांना कात्री सापडणार नाही,
कितींचं पाकीट गाडीतच राहील,
किती अर्लिस पिवळं कार्ड टोपलीत टाकतील.
त्या वहीत विसरणं जमेच्या बाजूला असतं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर
त्यासाठीही माझ्याकडे छापील ओळ होती.
नवा चेक काढायचा अर्ज मी भरला,
सहा ते आठ आठवडे म्हणालो,
आणि नियमाप्रमाणे: "आणखी काही मदत करू शकतो का?"

तो म्हणाला, खोकं टाकलेलं नाही.
मागच्या ओट्यावर उलटं ठेवलंय, आत दाणे.
त्या भोकातून चिमण्या जा-ये करतात.
मग म्हणाला, "तुमच्याकडे पडतोय का बर्फ?"

मी मान वर केली.
आमच्या हॉलला खिडक्या नव्हत्या.
"हो," म्हणालो, "बराच पडतोय."